ओव्हन तापेपर्यंत चार टाके: २८ लिटरचा ओटीजी आणि सुती लड्या, साताऱ्याच्या तिन्ही ऋतूंत

घरी ओव्हन घ्यायचा विचार चालू असेल, तर त्याच आठवड्यात भरतकामाची एक रिंग, मीटरभर मांजरपाट आणि दोऱ्याच्या सात-आठ लड्याही घ्या, असा माझा आग्रह आहे. दोन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या वेळी आणल्या, वेगवेगळ्या कारणांनी. आता मात्र एकीवाचून दुसरीचं परीक्षण लिहायला घेतलं तर ते अर्धंच होईल.

कारण सरळ आहे. बेकिंगमध्ये हाताचं काम थोडं आणि थांबणं जास्त. ओव्हन तापायला दहा-पंधरा मिनिटं, नानकटाई भाजायला वीस मिनिटं, पावाचं पीठ फुगायला तास, दोन तास. त्या वेळात स्वयंपाकघर सोडून जाता येत नाही, कारण पदार्थ झाला की नाही हे घड्याळाच्या आधी नाकाला कळतं. मोबाइल हातात घेतला की नाकही बंद होतं, हा माझा पक्का अनुभव आहे. भरतकामात तसं होत नाही. डोळे आणि बोटं टाक्यात असतात, नाक आणि कान मोकळे. शिवाय टाका कुठेही सोडता येतो. विणकाम मधेच टाकलं तर सुईवरचं घर सुटतं, क्रोशाची मोजणी चुकते. रिंगमधली सुई कापडात टोचून ठेवली आणि धावत जाऊन ट्रे बाहेर काढला, तरी टाका जिथल्या तिथे असतो.

आधी ओटीजीबद्दल, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेल्या विजेच्या ओव्हनबद्दल. माझा २८ लिटरचा आहे. खाली-वर कॉइल, आत पंखा, तापमानाची चकती २५० अंशांपर्यंत, टायमर एक तासाचा. या आकाराचे बहुतेक ओटीजी थोड्याफार फरकाने असेच असतात, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. चारजणांच्या घराला हा आकार बरोबर आहे. आठ इंची केकचा डबा सगळीकडून बोटभर जागा ठेवून बसतो, नानकटाईच्या ट्रेवर सोळा ते अठरा नग राहतात. यापेक्षा लहान घेऊ नका. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल पदार्थाच्या फार जवळ येते, मग केकची पाठ करपते आणि पोट कच्चं राहतं.

घेण्याआधी भिंतीकडे बघा. पंधराशे-सोळाशे वॅटचा ओटीजी साडेसहा-सात अँपिअर वीज ओढतो. मिक्सरचा साधा सहा अँपिअरचा प्लग त्याच्यासाठी नाही, सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगतेय. विजेच्या बिलाची भीती मात्र बाळगू नका. थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल बंद करतो, त्यामुळे तासभर चालवला तरी दीड युनिटाच्या आतच राहतं.

चकतीवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. चकती १८० वर असली तरी आत दहा-वीस अंश कमी किंवा जास्त असू शकतं. आत टांगायचा छोटा थर्मामीटर वेगळा मिळतो, तो पहिल्याच दिवशी घ्यावा. पंखा लावला तर कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंश कमी ठेवायचं. माझ्या ओव्हनच्या चकतीवरचे आकडे वापरून वापरून पुसट झालेत आणि दार बंद होताना उजवीकडे किंचित फट राहते. त्या फटीमुळे उजव्या कोपऱ्यातली बिस्किटं फिकी राहतात, म्हणून अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवते. एवढ्या पैशात दार तरी नीट बसायला हवं होतं. ही तक्रार मी सोडलेली नाही.

आता लड्या. आपल्याकडे बहुतेक घरांत अँकरची सुती लडी माहीत असते. आठ मीटर लांब, सहा पदरी. हे सहा पदर सुटे करता येणं हीच तिची खरी किंमत. देठ टाक्याला दोन पदर, भरीव टाक्याला दोन किंवा तीन, अगदी बारीक रेघेला एक. पदर काढताना एकेकच ओढायचा, दोन-तीन एकदम ओढले की गुंता होतो. दोऱ्याची लांबी बोटांपासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त नाही. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो, त्याची चमक उतरते. ती चमक येते मर्सरायझिंगमुळे. सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढतात, तेव्हा तंतू फुगून गोल होतो, उजेड परततो आणि रंगही जास्त पितो.

सुतीच का, रेशमी दिसणारी स्वस्त लडी का नको? त्याचं उत्तर साताऱ्याच्या पावसाळ्यात मिळतं. ती चमकदार लडी बहुतेक वेळा रेयॉनची असते आणि रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं. सुताचं उलट, ओलं सूत कोरड्यापेक्षा मजबूत. पावाभोवती गुंडाळायचा रुमाल, ट्रेवरचं कापड, बरणीवरची टोपी या आठवड्याला धुवायच्या वस्तू आहेत. त्यांच्यावर रेयॉन दोन-तीन धुण्यांतच पिंजारतं.

लड्या मी खण आळीतून घेते. ऑनलाइन शंभर रंगांचे डबे येतात, त्यातले साठ रंग वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. खण आळीतल्या ज्या दुकानात मी जाते, तिथे एका वेळी तीनच माणसं उभी राहू शकतात. लेस, बटणं, अस्तर, फॉल आणि मागच्या भिंतीवर लड्यांचे लाकडी खण. दुकानदार काकांची एक सवय मला फार आवडते. लडी हातात दिली की म्हणतात, "ताई, पायरीवर जा, उजेडात बघा." ट्यूबलाइटखाली जांभळा वाटलेला रंग बाहेर उन्हात निळा निघतो, हे त्यांना माहीत आहे आणि विक्री लांबली तरी चालेल, पण गिऱ्हाईक परत यायला नको, असा त्यांचा हिशेब. एकदा लाल घेताना म्हणाले, "लागणार असतील तेवढ्या आजच न्या. पुढच्या लॉटचा लाल थोडा वेगळा येतो." खरं आहे ते. नंबर तोच असला तरी रंगवण्याची खेप बदलली की छटा किंचित हलते आणि मोठ्या फुलाच्या मधोमध ती रेघ दिसते. लाल आणि गडद निळ्याची परीक्षाही त्यांनीच शिकवली: पांढऱ्या चिंधीचं टोक ओलं करून लडीवर घासायचं, रंग उतरला तर ती लडी पांढऱ्या कापडावर वापरायची नाही. उणं एवढंच की मॅटीचं कापड त्यांच्याकडे दोनच रंगांत असतं आणि बारीक सुया नेहमी संपलेल्या असतात. आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नये. मोती चौकातली गर्दी तिथपर्यंत येते आणि पायरीवर उभं राहायलाही जागा उरत नाही.

यीस्ट, बेकिंग पावडर, बटर पेपर ही खरेदीसुद्धा मी गावातच करते. ऑनलाइन मागवलेलं यीस्ट एकदा मेलेलं आलं, पीठ रात्रभर ढिम्म राहिलं. दुकानात निदान पाकिटावरची तारीख वाचून घेता येते.

पावसाळ्यापासून सुरुवात करते, कारण या जोडीचा खरा कस तेव्हाच लागतो. हवेतला ओलावा मैद्यात आधीच शिरलेला असतो, म्हणून पावाचं पीठ मळताना नेहमीपेक्षा दोन-तीन चमचे पाणी कमी. बिस्किटं ओव्हनमधून कुरकुरीत निघतात आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. त्यावर उपाय आहे: १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं परत ठेवायची, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायची. वीज जाते हा दुसरा त्रास. ओटीजीचा पत्रा पातळ, उष्णता धरून ठेवण्याची ताकद कमी. अर्धा भाजलेला केक वीज गेल्यावर बसतो तो बसतोच. म्हणून जून ते सप्टेंबर आमच्याकडे मोठे केक बंद असतात. वीस मिनिटांत होणाऱ्या गोष्टी करायच्या: खारी शंकरपाळी, जिऱ्याची बिस्किटं, लसूण लावलेले छोटे पाव. पावसाळी दुपारी भाजलेल्या लसणाचा वास खोलीभर पसरतो तेव्हा मला या ओव्हनचे सगळे पैसे वसूल झालेले वाटतात.

आणि याच दिवसांत कास. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हे पठार आहे. जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाड तग धरत नाही, म्हणूनच ऑगस्टच्या अखेरीपासून फुलांना सगळं रान मोकळं मिळतं. फूल तोडायचं नाही, फोटो काढायचा आणि घरी येऊन दोऱ्यात उतरवायचं. माझ्या मते भरतकाम शिकायला कासच्या फुलांइतका चांगला नमुना नाही, कारण प्रत्येक फूल एकेका टाक्यासाठी जन्मल्यासारखं आहे. गेंदाचं पांढरं गोल डोकं म्हणजे जवळजवळ बसवलेले गाठीचे टाके. सोनकीच्या पिवळ्या पाकळ्या लेझी डेझीने, म्हणजे सुट्या साखळीसारख्या टाक्याने, मध्ये गडद पिवळ्याच्या गाठी. तेरड्याला भरीव टाका, दोन गुलाबी एकमेकांत मिसळून. सर्वांत अवघड सीतेची आसवं. फूल नखाएवढं, निळं-जांभळं आणि रोप कीटकभक्षी. मुळांसारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतं. एवढ्या नाजूक दिसणाऱ्या फुलाखाली हा उद्योग चाललेला असतो, हे कळल्यापासून मला ते जास्तच आवडतं. ते एकाच पदराने काढायचं. दोन पदर घेतले की फूल जाड होतं आणि त्याचं आसवांपण जातं.

माझ्या सासूबाई हे फूल माझ्यापेक्षा फार छान काढतात. त्यांचं शिक्षण बटर पेपरला सुईने भोकं पाडून, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ वरून फिरवून नक्षी उतरवण्याच्या काळातलं. आता आम्ही कार्बन पेपर वापरतो, पण रेषेवरची त्यांची पकड तीच. पाव फुगायला ठेवला की स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून म्हणतात, "आण गं ती रिंग, तोवर एक पान होईल." आणि होतं. पावसाळ्यात सुया गंजतात, म्हणून त्यांनी सुयांच्या डबीत खडूचा तुकडा टाकून ठेवलाय. काम झाल्यावर कापड रिंगमधून काढायचं हीसुद्धा त्यांची शिस्त. दमट हवेत ताणून ठेवलेल्या कापडावर रिंगचं वर्तुळ उमटतं आणि इस्त्रीनेही जात नाही.

या जोडीत एक काळजी सतत घ्यावी लागते: हात. तुपाचा हात दोऱ्याला लागला तर डाग पसरतो, हळदीचा लागला तर कायमचा राहतो. आमच्याकडे क्रम ठरलाय. पीठ मळून झालं की डाळीचं पीठ लावून हात धुवायचे, पुसायचे, मगच सुई. रिंग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात राहते, ओट्यापासून दूर.

दिवाळीत ओटीजी दिवसभर चालू असतो. नानकटाई घरी भाजता येणं हे मला या यंत्राचं सर्वांत मोठं देणं वाटतं. लहानपणी आम्ही मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत घेऊन जायचो. तिथे दिवाळीआधी रांग असायची आणि आपलं तूप आपल्याच नानकटाईत पडतंय ना, याकडे आईचं बारीक लक्ष. आता ते तूप माझ्या डोळ्यांसमोर असतं. वजनाने दोन भाग मैदा, एक भाग साखर, एक भाग तूप. तूप रवाळ हवं, पातळ नको. आधी तूप-साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची, मग मैदा, वेलची, चिमूटभर मीठ, थोडी बेकिंग पावडर. १६५ अंशांवर अठरा ते वीस मिनिटं, एका वेळी एकच ट्रे, मधल्या खाचेत. दोन ट्रे एकदम ठेवले तर वरचा लाल होतो आणि खालचा फिका राहतो. बाहेर काढल्यावर मऊ लागली तरी पुन्हा आत ढकलू नका, गार होताना ती खुसखुशीत होते. एकामागून एक ट्रे जात असतो आणि प्रत्येक ट्रेमागे रुमालाचा एक कोपरा पुढे सरकतो. फराळाच्या ताटावर झाकायचे रुमाल आम्ही याच दिवसांत पुरे करतो, शेजारी ताट जातं ते त्याच रुमालाखालून.

साताऱ्याची म्हणून आणखी एक गोष्ट करून बघा. साध्या केकच्या मिश्रणात तीन-चार कंदी पेढे कुस्करून घाला आणि साखर तेवढी कमी करा. कंदी पेढ्याचा खवा खरपूस भाजलेला असतो, साखर बेताची. केकला जो भाजका, दुधाळ स्वाद येतो, तो इसेन्सच्या कुठल्या बाटलीत मिळत नाही.

थंडीत पाव रेंगाळतो. डिसेंबर-जानेवारीत अजिंक्यताऱ्याकडून गार वारा उतरतो तेव्हा पीठ फुगायला तीन तासही लागतात. घाई करू नये, हळू फुगलेल्या पिठाला चव जास्त येते. अगदीच वेळ नसेल तर बंद ओव्हनमध्ये कडकडीत पाण्याची वाटी ठेवून शेजारी पिठाचं भांडं ठेवायचं, बटण लावायचं नाही. याच लांब दुपारी संक्रांतीचं काम चालतं. भाच्याच्या बाळाच्या बोरन्हाणासाठी काळं झबलं भरलं. काळ्या कापडावर नक्षी उतरवायला पिवळा कार्बन, वर पांढऱ्या दोऱ्याचे पतंग आणि मांजे, मांज्याला साधा देठ टाका. हलव्याचे दागिने चढवले तरी टाके दिसायला हवेत, म्हणून तिथे मुद्दाम तीन पदर घेतले. त्याच दिवशी ओव्हनमधून तीळ-गुळाची बिस्किटं निघाली. गुळामुळे ती लवकर रंग धरतात, म्हणून तापमान दहा अंश खाली.

मग स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी नोव्हेंबरच्या अखेरीला बाजारात दिसू लागते आणि मार्चपर्यंत भाव उतरत जातो. २०१० पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. सुरुवातीची मोठी, देखणी फळं केकवर कच्ची मांडायची. मार्चमधली लहान, गडद फळं खरी बेकिंगची. पण कच्ची फोड मिश्रणात घालू नका. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि केकमध्ये तिच्याभोवती चिकट खळगा राहतो. पाव किलो फळात पन्नास-साठ ग्रॅम साखर घालून, निम्मं होईपर्यंत आटवून मग वापरायची. भरतकामात स्ट्रॉबेरी सोपी वाटते, पण लाल भरीव टाक्यावर पिवळे ठिपके समान अंतरावर बसवायला सराव लागतो. ज्यांना आपण तिच्या बिया म्हणतो, ते खरं तर एकेक स्वतंत्र फळ असतं, बी त्याच्या आत. हे समजल्यापासून मी प्रत्येक ठिपक्याला अर्ध्या पदराची जास्त काळजी देते.

उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भर दुपारी ओव्हन लावला तर घरात थांबवत नाही, घामाने दोरा मळतो. पहाटे उठून हापूसचा रस घातलेला रव्याचा केक भाजायचा, आठच्या आत ओव्हन बंद. पीठ पाऊण तासात फुगून वर येतं, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. टाके फक्त रात्री, पंख्याखाली, फिक्या रंगांचे.

कुणी घ्यावा? घरात महिन्यातून दोनदा तरी भाजलं जाणार असेल तर २८ लिटरचा ओटीजी जरूर घ्या. फक्त वाढदिवसाच्या केकसाठी हवा असेल तर नको, ओट्यावरची जागा उगाच अडेल. लड्यांना अशी अट नाही. एका लडीला साधारण वडापावाइतके पैसे पडतात आणि एका लडीत तीन-चार रुमालांचे कोपरे होतात. सुरुवातीला दोन हिरवे, एक पिवळा, एक गुलाबी, एक जांभळा, पांढरा आणि लाल पुरे. सुई सात किंवा आठ नंबरची, कारण नंबर वाढतो तशी सुई बारीक होते.

दहापैकी लड्यांना नऊ, खण आळीतल्या दुकानाला नऊ, ओटीजीला आठ. ओटीजीचे दोन कापले, एक दाराच्या फटीचा आणि एक त्या पुसलेल्या आकड्यांचा. लडीचा एक कापला तो अशासाठी, की कागदी पट्टी निसटली की तिच्यावरचा नंबर हरवतो. पट्टी निसटण्याआधी नंबर वहीत लिहून, शेजारी दोऱ्याचा तुकडा चिकटवून ठेवा.